दहाच्या दहा नळ्या वाढल्या

रेवसच्या धक्क्याला लाँच लागली होती, तांडेल ओरडत होता आणि आमची आई गोणीतले नारळ पुन्हा एकदा मोजत होती. वीस सोललेले नारळ, म्हणजे माझ्या हिशेबाने दहा-बारा किलो वजन, मी लाँचने मुंबईला आणि तिथून रात्रीच्या गाडीने सोलापूरला न्यायचे होते. सोलापुरात नारळ मिळतात हे मी तिला घरी सांगितलं होतं, बैलगाडीत सांगितलं होतं आणि धक्क्यावरही सांगितलं. उपयोग झाला नाही.

"खोलीत गेल्यावर आधी एक नारळ वाढव. मग सामान सोड."

"बरं, फोडतो."

"फोडतो म्हणू नये रे वसंता. वाढवतो म्हणावं."

आप्पा जरा बाजूला छत्री घेऊन उभे होते. ते एवढंच म्हणाले, "दोन वर्षं काढ. मग मुंबईला जागा बघ. मुंबईपर्यंत आलास की पुढे लाँच आहेच."

नागावात राहिलेल्या आणि नागाव सोडून बडोद्याला, नैरोबीला, मस्कतला गेलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी मी हे लिहितो आहे, कारण आप्पांचं ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं दिसतं. दर गणपतीत प्रत्येक जण विचारतो, "काय, मुंबईची जागा कधी?" आज सात-आठ वर्षं झाली. एकदाच नीट सांगतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आधी माझ्या कामाविषयी. मी 'जंतूंचा डॉक्टर' नाही. नागावात आलो की लोक पोरांच्या पोटातल्या जंतांवर औषध मागतात. जंत वेगळे आणि जंतू वेगळे, हे मी निदान तीस माणसांना सांगितलं असेल. सगळे मान डोलावतात आणि शेवटी विचारतात, "मग गोळी कुठली देऊ?"

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात जिवाणू दुभंगतो कसा याचा अभ्यास करतो. आपल्या आतड्यात राहणारा एक साधा जिवाणू आहे. आकार काडीसारखा, लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी. तो खातो, लांबीने दुप्पट होतो, स्वतःच्या मधोमध एक आडवी भिंत घालतो आणि एकाचे दोन होतात. सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत. ही भिंत कधी आणि कुठे घालायची, हे त्याच्यातले काही ठरावीक जनुक सांभाळतात. कोणता जनुक काय करतो हे समजायचं, तर त्यातला एक जनुक बिघडलेला असेल असा वाण, म्हणजे जिवाणूंची तशी जात, हाती लागावा लागतो. पण जनुक पूर्णच बिघडला तर जिवाणू दुभंगणार नाही, वाण वाढणार नाही आणि आपण अभ्यास कशाचा करणार? म्हणून बिघाड असा शोधायचा, की तीस अंश उष्णतेला काम सुरळीत चालावं आणि बेचाळीसला बंद पडावं. अशा वाणाला बेचाळीस अंशांवर ठेवलं की तो लांब होत राहतो, पण भिंत काही घालत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांच्या जागी शेवया दिसतात. फार वेळ तसाच ठेवला तर मरतो.

एवढं समजलं असेल तर माझी अडचणही समजेल. सोलापूर मे महिन्यात बेचाळीस अंशांवर असतं. प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर हे तापवायचं यंत्र आहे. खोलीच चाळीसच्या पुढे असेल तर तो तीस कुठून आणणार? मुंबईच्या ज्या संशोधन संस्थेशी माझं काम जोडलेलं होतं, तिथे माझ्याबरोबरचे लोक वातानुकूलित खोलीत बसून बेचाळीस अंश मिळवण्यासाठी यंत्र लावत होते. मला बेचाळीस फुकट होते. तीससाठी जीव जात होता. थंड करणारं यंत्र मिळावं म्हणून मी कॉलेजात अर्ज केला. हेडक्लार्कने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "सर, जंतू उबवायचेत ना? मग उन्हाळ्यात तर उलट वीज वाचंल की!" त्याला समजावण्यात एक दुपार गेली. अर्ज तसाच परत आला.

तीन हिवाळे घालवून मला एक वाण मिळाला होता. तीसला दुभंगणारा, बेचाळीसला शेवया करणारा, आणि तोवर वर्णन झालेल्या वाणांपेक्षा थोडा निराळा. मुंबईचे माझे मार्गदर्शक मद्रासकडचे होते. ते मोजकं बोलत. त्यांनी निरोप धाडला, की हा वाण घेऊन ये. संस्थेत एक जागा निघते आहे आणि ती ज्याच्या हातात असा वाण असेल त्याचीच आहे. म्हणजे मुंबई, आणि आप्पा म्हणाले तसं पुढे लाँच. मी नागावला कळवून टाकलं. ती माझी घाई झाली, कारण त्या दिवसापासून आईने माझ्यासाठी माजघरातली खोली रिकामी करायला घेतली.

वाण फ्रिजमध्ये होता. एप्रिलात फ्रिज बंद पडला. मेकॅनिक पुण्याहून 'उद्या' येणार होता. तो मोहोळपर्यंत आला आणि दुसऱ्या कामाला परत गेला, असं आम्हाला कळलं. का, ते अजून कळलेलं नाही. मग मी घरचा माठ कॉलेजात नेला. त्याला ओलं पोतं गुंडाळलं, आत ओली वाळू भरली आणि वाळूत नळ्यांचा स्टँड रोवला. दिवसातून सहा वेळा पोत्यावर पाणी मारलं तर आत सत्तावीस ते एकोणतीस अंश राहत होते. सोलापूरची हवा कोरडी आहे, तिचा हा एकच फायदा मला सापडला.

पण दुष्काळ नुकताच सरला होता आणि नळाला एक दिवसाआड पाणी होतं. आमच्या घरात माठ एकच होता. सुधा, म्हणजे आमची मंडळी, पितळेच्या कळशीतलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवी आणि म्हणे, "जंतूंना गार आणि माणसांना कोमट. चांगला न्याय आहे."

"महिनाभराचा प्रश्न आहे."

"हे तुम्ही लग्नाच्या आधीपासून म्हणताय."

प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली रामलिंग कासार नावाचा अटेंडंट होता. माझ्याच वयाचा, चोख, तोंडाने जरा जास्त. त्याच्या घराण्याचा बांगड्यांचा धंदा. वडील अजून मोहोळच्या बाजारात बांगड्या भरत. काच धरावी कशी हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याच्यावर माठ सोपवून मी मेच्या मध्यावर मुंबईला निघालो. निघण्यापूर्वी वाण ताज्या नळ्यांत उतरवला. दहा नळ्या माठात ठेवल्या, पाच थर्मासमध्ये घालून बरोबर घेतल्या.

मुंबईत त्या पाच नळ्यांची परीक्षा झाली. बेचाळीस अंशांवर त्यातले जिवाणू उत्तम वाढले, उत्तम दुभंगले. शेवया नाहीत, काही नाही. म्हणजे वाण पालटला होता. उन्हाळ्याच्या दणक्यात बिघडलेले मेले आणि जे चारदोन आपसूक दुरुस्त झाले होते तेच मागे उरले. थर्मास बदनाम नको व्हायला. दोष कदाचित फ्रिज बंद पडल्यापासूनचा असेल. कसंही असो, सगळी भिस्त आता माठातल्या दहा नळ्यांवर आली. त्या तीसच्या आत ठेवल्या होत्या. त्यांच्यात वाढ दिसत असेल तर अजून आशा होती. मार्गदर्शकांनी त्यांच्या खोलीतून सोलापूरला ट्रंक कॉल लावायला सांगितला. ते स्वतः समोर बसून राहिले.

फोन लागायला दोन तास गेले. कॉलेजच्या ऑफिसातून कोणीतरी रामलिंगला बोलावून आणलं. मी ओरडलो, "रामलिंग, नळ्या वाढल्या का?"

पलीकडून तो म्हणाला, "तुमाला कुनी सांगितलं, सर?"

"कोणी नाही. मी विचारतोय. वाढल्या का?"

"वाढल्या, सर."

"किती?"

"समद्या. धाच्या धा. एक बी ऱ्हायली न्हाय."

"शाब्बास!"

"आँ?"

"शाब्बास म्हणतोय! मी परवा येतो!"

"सर, माठ बी वाढला."

"माठ?"

तीन मिनिटं झाल्याचं एक्स्चेंजमधली बाई मधेच म्हणाली आणि लाइन तुटली. मार्गदर्शकांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, सगळ्या वाढल्या. त्यांनी त्याच दिवशी वर चिठ्ठी पाठवली, की वाण सुरक्षित आहे, माणूस तयार आहे.

गाडी दौंड सोडून पुढे आली तेव्हा मी माठाचा विचार करायला लागलो. माठ कसा वाढेल? कुर्डुवाडीपर्यंत मला ते कळलं होतं. पुढचा प्रवास मी कसा केला ते लिहीत नाही.

बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे आपल्याकडेही आहे. पण आपल्याकडे ते बांगडीपुरतं, मंगळसूत्रापुरतं आणि नारळापुरतं. चहाचा कप फुटला तर तो फुटतो. कासारांच्या घरात मात्र काचेला फुटणं हा शब्दच लावत नाहीत. ज्या घराचं पोट बायकांच्या हातातल्या काचेवर आहे, तिथे तो शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी लहानपणापासूनची सवय. रामलिंगच्या तोंडी कंदिलाची काच वाढायची, बरणी वाढायची, सोडावॉटरची बाटली वाढायची. तीन वर्षं मी ते रोज ऐकत होतो. नेमकं त्या दिवशी मला हवा होता तो अर्थ मी घेतला, आणि त्याने त्याला ठाऊक होता तो दिला. दोघांपैकी कोणीच खोटं बोललं नाही. याचाच मला अधिक संताप येतो. कोणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

झालं होतं ते असं. विद्यापीठाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवी म्हणून आमची प्रयोगशाळा ताब्यात घेऊन कुलूप घालायचं ठरलं. पाणी मारायला आत कोणाला सोडणार नव्हते. रामलिंगने विनवण्या केल्या. मग माठ सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने आवळला आणि घरी निघाला. विजापूर वेशीपाशी म्हैस आडवी आली.

मी कॉलेजात पोहोचलो तेव्हा तो धुतलेला सदरा घालून दारात उभा होता. "सर, तुमी शाब्बास म्हनला, तवापासनं सायकलीला हात लावला न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"अरे, फुटल्या म्हणायचं!"

"असं कसं म्हनू, सर? तुमी गावाला गेलेलं. परगावच्या मानसाला असला शब्द सांगत्यात व्हय?"

माठातली वाळू त्याने रस्त्यावरून भरून घमेल्यात आणून ठेवली होती.

वाळूत सांडलेलं मी चमच्याने गोळा केलं. रस्त्यावरच्या धुळीतून विजापूर वेशीचे सगळे जिवाणू त्यात आले होते, माझा तेवढा नव्हता. मार्गदर्शकांना मी पत्र लिहिलं. आमच्याकडे काच फुटण्याला वाढणं म्हणतात, हे इंग्रजीत लिहिताना मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं: फुटण्याला वाढणं म्हणता, तर वाढण्याला काय म्हणता? पुढच्या भेटीत त्यांचा एक विद्यार्थी हसत म्हणाला, जिवाणू फुटूनच वाढतो, तेव्हा तुमची भाषा शास्त्रशुद्ध आहे. मी हसलो नाही. जागा दुसऱ्याला गेली होती.

नागावला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. आई एवढंच म्हणाली, "खोली राहू दे तशीच. पुढच्या वर्षी लागेल." आप्पा म्हणाले, "एवढ्याशा जंतूवर नोकरी अडते कशी?" गावात गोष्ट पोहोचली ती अशी: वसंताने दहा बाटल्या फोडल्या म्हणून मुंबईवाल्यांनी घेतला नाही. मी ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग पुन्हा पहिल्यापासून. त्या कामाचं थोडं सांगतो, कारण ते सोलापुरात कसं झालं हे तुम्हाला माहीत नाही. जिवाणूंवर जंबुपार, अल्ट्राव्हायोलेट किरण सोडायचे, म्हणजे कुठे ना कुठे बिघाड होतो. मग बशीत त्यांचे ठिपके उगवू द्यायचे. त्यावर मखमलीचा तुकडा ठसा घेतल्यासारखा दाबायचा आणि तोच ठसा दोन नव्या बशांवर उमटवायचा. एक बशी तीस अंशांवर, एक बेचाळीसवर. पहिल्या बशीत जो ठिपका आहे आणि दुसऱ्या बशीत नाही, तो आपला उमेदवार. हजार ठिपक्यांत एखादा मिळतो, आणि अशा उमेदवारांतला एखादाच शेवया करतो. मखमलीसाठी कॉलेजने पैसे दिले नाहीत. कापडाचं गाव म्हणून मी आधी टॉवेलचे तुकडे वापरले. सोलापुरी टॉवेलचे टाके इतके मोठे, की एका ठिपक्याचे चार होत आणि तिघांचा पत्ता नसे. शेवटी सुधाने तिच्या ब्लाउजसाठी आणलेली मोरपंखी मखमल माझ्यापुढे टाकली.

"घ्या. माठ गेला, आता ही घ्या. एकदाचे तुमचे जंतू बिघडू देत नाहीतर बरे होऊ देत."

ती मखमल कापून, कुकरमध्ये वाफवून, रामलिंगने लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवली. हिवाळाभर आम्ही ठसे मारले. बेचाळीससाठी इन्क्युबेटर, आणि तीससाठी डिसेंबर-जानेवारीतली खोली, दार किती उघडायचं याच्या हिशेबासकट. फेब्रुवारी संपता संपता एका बशीत एक ठिपका नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली शेवया होत्या. पहिल्या वाणापेक्षा लांब, सरळ, आणि मधे एकही भिंत नाही. परत तीसवर आणल्या की तासाभरात तुकडे पडायला लागत. मी सुधाला बोलावून दाखवलं. तिने डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यांना म्हणावं, आता मे महिन्यापर्यंत थांबू नका."

ते मलाही कळत होतं. एप्रिलच्या आधी मी वाण मुंबईला नेला. महिनाभर तिथे राहिलो. पुन्हा एक जागा निघाली होती, आणि या वेळी मार्गदर्शकांनी सरळ विचारलं, कधी रुजू होतोस?

त्या महिन्यात मला जे झालं ते नागावकरांना पटणार नाही. तिथे यंत्र तीसवर लावलं की तीसच राहत होते. मी सवयीने दिवसातून सहा वेळा पाहायला जायचो आणि काटा हललेला नसायचा. पाणी मारायचं नाही, दार उघडायचं नाही. कोणी काही फोडत नव्हतं आणि फुटलंच तर सरळ फुटलं म्हणत होतं. शनिवारी लाँच धरून नागावला जात होतो. आईने खोली आवरून ठेवली होती. चहा करताना तिने विचारलं, "साखर किती घालू? तुम्ही लोक तिकडे कमी घेता ना?"

तिच्या हातचा चहा मी तीस वर्षं प्यायलो आहे. तिने साखर कधी विचारली नव्हती. आणि 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे मी तिला विचारलं नाही.

सोमवारी मी मार्गदर्शकांना सांगितलं, की वाण ठेवून घ्या, मी परत जातो. त्यांना राग आला. असा वाण देऊन टाकून कोणी जातं का, म्हणाले. मी म्हटलं, देऊन टाकलेला नाही. अर्धा इथे आहे, अर्धा माझ्या थर्मासमध्ये आहे. आज तो दोन्हीकडे आहे. मुंबईचे लोक त्यातला बिघडलेला जनुक नकाशावर नेमका कुठे बसतो ते शोधतात. सोलापुरात मी दर वर्षी नव्या मुलांना शेवया दाखवतो. फ्रिज नवा आला आहे. मुंबईहून मधे एक गृहस्थ आले, ते म्हणाले, मूळ वाण आमच्याकडे आहे, तुमच्याकडची प्रत. रामलिंग त्यांच्यावर तुटून पडला, "मूळ हितलाच हाय, सायेब. मखमल आमची हाय!" दोघांचंही चूक. एका जिवाणूचे दोन झाले की त्यांत जुना कोणता आणि नवा कोणता, हे सांगता येत नाही. मी बरीच वर्षं पाहिलं आहे. मूळचा असा त्यांत कोणी नसतोच. दोघे सारखेच पुरे असतात.

माणसांना हे सांगून उपयोग होत नाही. सुट्टीहून परतलो की रामलिंग विचारतो, "कवा आलात सर गावाकडनं?" आणि नागावात उतरलो की तुम्ही विचारता, "कधी आलास सोलापूरहून?" दोन्हीकडे मी दुसरीकडचा. याचा मला पूर्वी त्रास व्हायचा. आता नुसता कंटाळा येतो. सुधा इथे मुलींच्या शाळेत शिकवायला लागली आहे. आमची लेक नंदा मला "आबा, हितं या की" म्हणून हाक मारते आणि आईला वाटतं, पोरीला नीट बोलायला शिकवलेलं नाही. इथला उन्हाळा मला अजून सोसत नाही, पाण्याचा घोळ अजून आहे, ऑफिसात माझे अर्ज अजून परत येतात. हे सगळं असून मी इथला आहे, आणि त्याला कारण द्यायचं तर मला एवढंच देता येतं, की माझं काम इथल्या हवेत झालं.

आईला मी खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाकायला सांगितलं आहे. ती देणार नाही, ते मला माहीत आहे. तुम्ही मात्र आता मुंबईच्या जागेचं विचारू नका, आणि 'घरी कधी येतोस' असंही लिहू नका. 'इकडे कधी येतोस' असं लिहा. त्याला माझ्याकडे नेमकं उत्तर आहे. मेच्या सुट्टीत येईन, पंधरा दिवस राहीन, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी परत जाईन.